दहा शब्दांचं वचन

"हन्नोककाका, हिब्रूतले आकडे म्हणा, एक ते दहा." मी रेकॉर्डर सुरू केला. हजारो वर्षांपूर्वी हिब्रू-अरबीसारख्या सेमिटिक भाषांत आकड्यांना काय म्हणत असतील, ते मी आजच्या उच्चारांवरून जुळवत होते. ज्यूंच्या या प्रार्थनास्थळाच्या, सिनेगॉगच्या, म्हाताऱ्या राखणदाराने दहाही आकडे धडाधड म्हणून टाकले.

"आणि प्रार्थनेला जमलेली माणसं कशी मोजता?"

"माणसं आकड्यांनी मोजायची नसतात. धर्मग्रंथातलं दहा शब्दांचं एक वचन आहे, माणसागणिक एक शब्द. वचन पुरं झालं की प्रार्थना सुरू."

"म्हणा ना!"

स्वतःच्या छातीवर बोट टेकवून त्यांनी पहिला शब्द उच्चारला. मग ते बोट रिकाम्या बाकांवरून फिरत राहिलं.

"मला मोजा," मी म्हणाले.

"आमच्यातले पुरुषच लागतात, पोरी." त्यांनी मूठ मिटली. "बंद कर ते. दुसरा शब्द शिमशोनचा होता. त्याला मार्चमध्ये पुरलं."