पाण्यातला तिसरा शिपाई

नदी ओलांडणाऱ्या शिपायांत तिसरा कोंडाजी होता. रुक्मिणीबाईंनी नवऱ्याला पहिल्याच खेळाला ओळखलं. चालताना डावा खांदा पाडायची तीच ढब, आणि पाण्यात पाय टाकण्याआधी वाकून दोन्ही डोळ्यांना पाणी लावणं. गावच्या पवना नदीतही तो तसंच करायचा. मग पडद्यावर गोळी सुटायची आणि तो पाण्यात पालथा पडायचा.

चिंचवडच्या माळावर सिनेमाचा तंबू आठ दिवसांसाठी लागला होता. मशीन चालवणारा बरकत सकाळी कर्णा घेऊन गावोगाव फिरायचा. "ब्रह्मदेशची लढाई! लष्कराच्या कॅमेऱ्यानं टिपलेली असली जंग, असली माणसं!" सगळी कासारवाडी लोटली. पेन्शनीतले दोन जुने शिपाईही बघून गेले. असंच रान होतं, अशाच जळवा होत्या, म्हणाले.

बेचाळीस साली लष्कराचं पत्र आलं होतं: ब्रह्मदेशात बेपत्ता. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, एवढंच रुक्मिणीबाईंनी धरून ठेवलं. बारा वर्षं उलटली तेव्हा दीर मालोजी रीतीप्रमाणे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचं म्हणाला. त्या अशा उसळल्या, की बिचारा महिनाभर समोर आला नाही. कुंकू त्यांनी हट्टानं आणखी मोठं लावायला घेतलं.

चौथ्या दिवशी त्या मालोजीलाच तंबूत घेऊन आल्या. नदी आली आणि तो हुंदके देऊन रडू लागला.

"वैनी, दादाच हाय. आता डोळ्यांनी बघितलंत. आता तरी त्याला मोकळं करू."

"खेळ हाय तवर न्हाई," त्या म्हणाल्या.

तेरा वर्षांनी नवरा दिसत होता. रोज, दहा आकडे मोजेपर्यंत. मरताना का होईना, दिसत होता. त्यांना तो हवा होता, आणखी काय सांगायचं?

शेवटच्या खेळाआधी त्या मशीनपाशी गेल्या.

"भाऊ, नदीतला त्यो तिसरा शिपाई हाय ना, त्याच्यापाशी जरा थांबवा."

"थांबवता येत नाही, बाई. दिव्यापुढं फिल्म थांबली की जळते."

"मंग ऱ्हाऊ द्या. जळाया नगं."

तो तुमचा कोण, हे बरकतनं विचारलं नाही. विचारलं असतं तरी चारचौघांत नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पवनेच्या काठी मालोजीनं पुतळ्याला अग्नी दिला. रुक्मिणीबाईंनी आपल्या हातानं कुंकू पुसलं आणि बांगड्या दगडावर फोडल्या. त्या वेळी रडू आलं नाही. घरी जायच्या ऐवजी त्यांचे पाय चिंचवडच्या वाटेला लागले. एकदा, फक्त एकदा, त्याला परत बघायचं होतं.

तंबू उतरला होता. बरकत रिळं डब्यात भरत होता. पदर कपाळावर ओढून त्या लांबच उभ्या राहिल्या.

"भाऊ, त्या शिपायाचा तुकडा मिळंल का? बोटभर दिला तरी चालंल."

बरकतला हसू आलं. रोज न चुकता आलेली बाई, तिला नाही कसं म्हणायचं? त्यानं रीळ उलगडून चार चित्रांचा तुकडा कापला, उजेडात धरून पाहिला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"माणूस नामी निवडलात," तो म्हणाला. "कर्ण्यावर आम्ही काय वाट्टेल ते ओरडतो, ते धंद्याचं. माझा मेहुणा रियाज ह्या शूटिंगला खानसामा होता, गेल्या थंडीत, आसामात. रोजावर आलेल्या माणसांत मराठी बोलणारा हा एकटाच, म्हणून त्याचं जमलं. म्हणत होता, भारी गडी. दिवसातून पाचदा मरायचा, आणि संध्याकाळी बायकोपोरांसाठी भात बांधून न्यायचा."