दम कोंडून

"कुणाला पटायचं नाही, जावईबापू, पण जहाजाच्या बंद टाकीत मी नुसता दम कोंडून उतरलो होतो!" निवृत्त खलाशी सासरेबुवांनी नेहमीची टेप लावली. "जोडीदार खाली बेशुद्ध. उचलला, खांद्यावर टाकला, शिडी चढून वर आलो आणि म्हणालो, चहा आणा रे!"

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या सासूबाई ही कथा तीस वर्षं ऐकत होत्या. दरवर्षी ती शिडी दहा पायऱ्यांनी वाढायची आणि त्या गालातल्या गालात हसायच्या.

आज मात्र जावयाची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. उद्या तो जहाजावर रुजू होणार होता आणि पहिलंच काम होतं टाकी धुवायचं.

"म्हणजे आमचा साहेबच घाबरट म्हणायचा," जावई म्हणाला. "आधी दोरीला मीटर बांधून खाली सोडा, हवेत प्राणवायू किती ते मोजा, मगच माणूस उतरवा. त्यात अर्धा दिवस जातो! त्यापेक्षा मीही तुमच्यासारखाच उतरतो, बाबा."

लेकीच्या हातातली शर्टाची घडी तशीच राहिली. तिने वडिलांकडे पाहिलं. सासरेबुवा मिशीत हसत होते; आलेलं कौतुक परत करणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

सासूबाई तरातरा पुढे आल्या.



"खोटं! दम कोंडून उतरला तो तुमचा जोडीदार, आणि वर आला तो चादरीत गुंडाळून; तुम्ही मीटरची वाट बघत थांबलात, म्हणून आज याला सासरा आहे!"