पिठावरचा दगड

आई, अलमेलू, गेली हे करणला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि तेही बापाकडून नाही. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्यानं न राहवून फोन केला. दुसऱ्या सकाळी तो बळ्ळारीकडच्या खाणीवरून कुंभकोणात येऊन दारात उभा राहिला, तेव्हा रंगाराव ओट्यावर पाय पसरून बसले होते. त्यांनी पाय जवळ घेतले नाहीत. मुलगा वळसा घालून आत गेला.

राग जुना होता. करणनं तिरुच्चीला भूगर्भशास्त्राची पदवी घेतली. बरोबरची पोरं शहाणी निघाली. एक मैलाडुतुरैला बँकेत चिकटला, एकानं शिकवणी काढली, एक सासऱ्याच्या पितळी भांड्यांच्या दुकानात बसला. रंगारावांची सगळी नोकरी तिरुभुवनम्‌ला रेशीम विणकरांच्या सोसायटीत गेलेली. तिथं त्यांनी मुलासाठी शब्द टाकला, जागाही ठरली. करण म्हणाला, मी शिकलोय त्यातलंच काम करणार, आणि खाणीवर निघून गेला. त्यानंतर रंगाराव त्याच्याशी बोलले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र सांगायचे, की आमच्या मुलखात कितीही खोल खणा, गाळच लागतो, देवळांचे दगडसुद्धा बाहेरून आणलेले, आणि आमचा दिवटा दगड शिकला.

स्मशानात मडक्याला भोक पाडायला दगड लागतो. मग तोच दगड जपायचा, गेलेल्याच्या नावानं त्याच्यावर रोज तिळाचं पाणी घालायचं, आणि दहाव्या दिवशी नदीत सोडायचा. तोवर जीव त्यात असतो, असं मानतात. कावेरीकाठी वाळू आणि विटांचे तुकडे. म्हणून घरातून निघतानाच रंगारावांनी स्वयंपाकघरातला एक दगड उचलला. इडलीचं पीठ फुगून झाकण उचललं जाऊ नये म्हणून अलमेलू तो भांड्यावर ठेवायची, फडक्यात बांधून. तिच्या हातातला म्हणून त्यांनी तोच घेतला. फडकं सोडून टाकून दिलं.

मडक्यावर घाव बसला तेव्हा दगडाचाही टवका उडाला. दुसऱ्या दिवशी घाटावर शास्त्रींनी त्याच्यावर पाणी घालायला लावलं, ते लाल होऊन वाहिलं. तिसऱ्या दिवशीही तेच. शास्त्री पाणी पायरीवरून उतरेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. घरी रंगारावांची बहीण राजेश्वरी होती. ती म्हणाली, वहिनी संतापलीय, पोटचा पोर आला नाही ना. रंगारावांना ते ऐकून बरं वाटलं. जे ते इतकी वर्षं एकटे म्हणत होते, ते आता अलमेलूही म्हणत होती.

करणनं आल्यावर एकच मागणं मागितलं. मला एकदा आईला पाणी घालू दे. रंगारावांनी उत्तर बहिणीकरवी पाठवलं: तिचा राग उतरला की बघू, तोवर घाटावर पाय ठेवायचा नाही. आत्या भाच्याला जेवू घालायची आणि घासागणिक विचारायची, खाणीवर भात मिळतो का रे, की मातीच खाता? करण मान खाली घालून जेवायचा.

दहाव्याला मात्र तो न बोलावता घाटावर आला. शास्त्रींनी दगडावर झाकलेली टोपली उचलली. रंगारावांनी दगडावर पाणी घातलं. पाणी लाल वाहिलं.

"बघ," रंगाराव म्हणाले. इतक्या वर्षांत मुलाशी बोललेला तो पहिला शब्द. "तुझ्यावरच्या रागानं लाल झालीय ती. तुज कोण बोलावलं इथं?"

करण वाकून दगडाकडे बघत राहिला. हात लावला नाही.

"हा राग नव्हे, अण्णा. लोखंडाचा दगड आहे. ताजा फुटला की रंग सोडतो." तो सरळ उभा राहिला. "पहिल्या पगाराला मीच आईला आणून दिलेला. फडक्यात गुंडाळून ठेव म्हटलं होतं, नाहीतर हात लाल होतील."

शास्त्रींनी दुसरीकडे तोंड केलं. रंगाराव हातातल्या रिकाम्या तांब्याकडे बघत होते. दर शुक्रवारी अलमेलू त्या दगडाचं फडकं बदलायची. एकदा ते खेकसले होते, की काय देव आहे का तो? ती फडक्याची गाठ मारत राहिली होती. त्या दगडाखाली फुगलेल्या पिठाच्या इडल्या त्यांनी रोज खाल्ल्या होत्या, आणि खाताखाता मुलाला शिव्या दिल्या होत्या.

"आता तरी पाणी घालू?" करणनं ओंजळ पुढं केली.

ओंजळ समोर होती. तांब्या भरून द्यायचा, एवढंच काम होतं. रंगारावांनी वाकून दगड उचलला, उपरण्यात गुंडाळला आणि पायऱ्या चढून ते घरी निघून गेले. शास्त्री मागून हाका मारत राहिले.

करण तिथूनच बसस्टँडवर गेला. घरातली पिशवी न्यायलाही आला नाही. राजेश्वरी रडली, भांडली, म्हणाली की मेलेल्याचा दगड घरात ठेवतात का कुठं, वहिनी अडकून पडेल. मग तीही आपल्या गावी गेली.

पीठ आता घरात कोणी वाटत नाही. रिकाम्या भांड्याच्या झाकणावर दगड ठेवलेला आहे, नव्या फडक्यात बांधून. रंगाराव शुक्रवारी ते फडकं बदलतात. शास्त्री वाटेत भेटले की विचारतात, नदीत कधी सोडायचा? रंगाराव म्हणतात, मुलानं पाणी घातलं की.

करणला फोन करायचा अजून राहिला आहे.