शनिवारचा पोचा

"या शनिवारी कुठला खांब आडवा आला, बाई?" गाडीच्या मागच्या दाराशी बसकण मारत पत्रेकाम करणाऱ्या उस्ता बयूमीने विचारलं.

"मासळीबाजारातला," इन्शिराह बाई म्हणाल्या. "मेला जागचा हलतच नाही."

"खांबच तो. त्याने हलायचं की तुम्ही?"

स्वतःच्याच बोलण्यावर उस्ता खोकला येईपर्यंत हसला. त्याचा मुलगा हिलाल मात्र हसला नाही. हाताची घडी घालून तो दुकानाच्या दारात उभा होता.

बाईंची आकाशी फिआट अलेक्झांड्रियाच्या त्या गल्लीत लहानथोरांच्या ओळखीची. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने भल्याभल्यांच्या गाड्या गंजल्या, हिचं अंग मात्र चकचकीत. बाईंचा नवरा गेला त्या हिवाळ्यात शेजारच्या इमारतीची गॅलरी कोसळून हिच्या टपावर पडली होती. सगळे म्हणाले, भंगारात द्या. बयूमीने टप ठोकून ठोकून वर आणला. त्याला दिलेला नवा रंग जुन्यात असा मिसळला, की सांधा सापडू नये. दारांना मात्र हात लावला नाही. "साहेबांच्या हाताने घासलेला रंग आहे तो," म्हणाला होता, "राहू दे." त्या दिवशी बाई दाराला गाल लावून रडल्या होत्या.

आता दिवस फिरले होते. गेल्या वर्षी उस्ताला झटका आला, उजवा हात लुळा पडला. भिंतीकडे तोंड करून तो पडून राहिला. बोलेना, जेवेना. पुढे दुकानात येऊन हातोडी धरू लागला, तसा हातात जीव परतू लागला आणि हाताबरोबर माणूसही. पण गिऱ्हाइकं तोवर महामार्गावरच्या मोठ्या गॅरेजांकडे वळली होती. हिलालला या जागेत मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. बापलेकांत ठरलं होतं: ज्या शनिवारी दारात गाडी नसेल, त्या शनिवारी दुकानाची किल्ली हिलालची.

उस्ताने दाराचं आतलं अस्तर काढलं. डोळे मिटले. तळवा पत्र्यावर गोल गोल फिरू लागला, जात्यावर बसलेल्या बाईच्या हातासारखा.

"नवलच आहे," डोळे न उघडता तो म्हणाला. "पोचा एवढा, पण रंगाला साधी चीर नाही. तुमच्या खांबाला मखमल गुंडाळलीय का हो, बाई?"

"मासळीबाजार श्रीमंत झालाय हल्ली."

"आणि नेहमी इतका खाली! तुमचे खांब बसकेच दिसतात सगळे."

तेवढ्यात उस्ताची बायको, उम्म हिलाल, चहा घेऊन आली. दुखऱ्या गुडघ्यामुळे ती एकेक पायरी जपून उतरत होती. तिच्या हातातले पेले किणकिणले.

"हिलालची आई, हळू!" उस्ता म्हणाला. "चहा बाईंना पाजायचाय, गाडीला नाही."

"अल्ला बाईंना उदंड आयुष्य देवो," ती खाली बघत पुटपुटली. बाईंच्या बशीत तिने दोन खजुरी बिस्किटं जास्त ठेवली.

"तुमच्या हातचा चहा मिळणार असेल," बाई म्हणाल्या, "तर मी रोज गाडी ठोकीन." मग उस्ताकडे वळून हसल्या. "मिशीत साखरेचा दाणा अडकलाय, पुसा."

संध्याकाळी दार पुन्हा तळ्याच्या पाण्यासारखं सपाट झालं. उस्ताने आपला उजवा हात उजेडात धरला, बोटं मिटली, उघडली. "बघा बाई, करंगळीसुद्धा ऐकायला लागली. तुमचे उपकार कसे फेडू? देवाने तुम्हाला गाडी दिली आणि चालवायची अक्कल दिली नाही, केवढी त्याची कृपा माझ्यावर!"

"अल्हम्दुलिल्लाह," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

हिलालने त्यांना गाडीपाशी गाठलं.

"बाई, तुम्ही मला वाचायला शिकवलंत, म्हणून तोंड आवरतोय. पण एक दिवस खांबाऐवजी एखादं पोर समोर येईल. डोळे गेलेत तुमचे. कानही गेलेत. शुक्रवारी तुमचा रेडिओ थेट मशिदीत ऐकू येतो, इमाम खुतब्याच्या प्रवचनात अडखळतो! सोडा आता गाडी."

"खरंय रे बाळा," बाई मान खाली घालून म्हणाल्या. "थोडे दिवस सांभाळून घे म्हातारीला."

शुक्रवारी सकाळी बाईंनी गाडी इमारतीच्या सावलीत घेतली. उन्हात धुतली की रंगावर पाण्याचे डाग बसतात, असं साहेब म्हणायचे. आधी नुसतं पाणी सोडून मीठ उतरवलं, मग साबणाचा फेस, मग मऊ सुती फडकं. चाकं पुसायला त्यांनी घरातून एक बुटकं स्टूल आणलं होतं. काम संपल्यावर बादली उचलली, फडकं उचललं आणि त्या वर गेल्या. स्टूल गाडीच्या मागच्या दारापाशीच राहिलं.

दुपारची बांग झाली. उस्ता, हिलाल, गल्लीतले सगळे पुरुष जुम्म्याच्या नमाजाला गेले. दुकानं मिटली. गल्ली सुनी झाली.

कोपऱ्यावरून उम्म हिलाल आली. तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. गाडीच्या आडोशाला जाऊन ती गुडघा धरून वाकणार, तोच तिला स्टूल दिसलं. "देव भलं करो विसरभोळ्या बाईचं," म्हणत ती हुश्श करून त्यावर टेकली. मग तिने झग्याआडून नवऱ्याची हातोडी काढली आणि हातोडीच्या तोंडाला लोकरीची शाल नीट, दोन पदरी गुंडाळली.

वरच्या गॅलरीत इन्शिराह बाईंनी हातातला रेडिओ कठड्यावर ठेवला आणि त्याचा आवाज होईल तेवढा वाढवला.