बाहीचा धक्का

"बाही नुसती बॉलला लागली तरी आपणच हात वर करून फाऊल कबूल करायचा. पंचाला दिसो वा न दिसो," बाळकाकांनी त्यांच्या पूल पार्लरमध्ये पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शौनकनं ते मनावर कोरून घेतलं आणि अगदी हिंजवडीत नोकरी लागल्यावरही पाळलं.

हौशी लीगच्या फायनलला समोर खुद्द बाळकाकाच उभे ठाकले. ऐन मोक्याला शौनकची बाही बॉलला लागली. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, तरी त्यानं हात वर केला आणि खेळायची पाळी काकांकडे गेली. शेवटच्या काळ्या बॉलवर नेम धरताना काकांची बाही पांढऱ्या बॉलला लागली. शौनक त्यांच्या हाताकडे बघत राहिला. हात वर गेलाच नाही. काळा बॉल टेबलाच्या खिशात गेला.

टाळ्यांच्या गजरात काकांनी त्याला मिठी मारली आणि ते कानाशी पुटपुटले, "तो नियम शिकणाऱ्यांसाठी असतो रे."