झाकलेलं ताट

हयातीत ज्यांची पुस्तकं धूळ खात पडली, त्या अप्पासाहेबांच्या भुतासमोर आज मात्र रांग लागली होती. साहित्य संग्रहालयानं हॅलोविनचा घाट घातला होता. दारात डोळे कोरलेला लाल भोपळा आणि आत अप्पासाहेबांच्याच खुर्चीत, त्यांचाच कोट नि चष्मा चढवून बसलेला हौशी नट.

‘विचारा, भूत उत्तर देईल,’ व्यवस्थापक म्हणाले. कुणी प्रेरणा विचारली, कुणी पुरस्कार का हुकला ते. भुतानं सगळ्यांची फिरकी घेतली.

रांगेत शेवटी इंदुमतीबाई होत्या, अप्पासाहेबांच्या पत्नी.

‘वहिनी, तुम्ही कशाला रांगेत?’ व्यवस्थापक ओशाळले.

‘घरी कधी उत्तरं देत नव्हते हो.’

शेवटच्या दिवशी बाईंशी झालेल्या भांडणाच्या तिरीमिरीत भरल्या ताटावरून उठून अप्पासाहेब व्याख्यानाला गेले आणि तिथेच व्यासपीठावर कोसळून संपले. ते ताट बाई अजून मनात झाकून बसल्या होत्या.

‘त्या दिवशी मग कुठे जेवलात का हो?’

नट गडबडला. चष्मा काढून कोटाच्या बाहीनं पुसत राहिला. ‘जेवलो की. पोटभर.’

बाईंनी मान डोलावली. खोटं बोलताना तेही असाच चष्मा पुसायचे.