आठ दिवस जपलेला अंगठा

नागम्मानं आठ दिवस सिमेंटला हात लावला नव्हता.

मुकादमानं टेम्पो चालू करून विचारलं होतं, "नागम्मे, चलतीस का न्हाई? हैदराबादचं काम हाय."

"व्हा तुमी पुढं. कार्ड संपून राहिलंय माझं."

टोळी गेली. वीस वर्षं सोबत पाट्या उचललेली सगळी माणसं एका टेम्पोत मावली आणि पत्र्याच्या शेडात ही एकटी उरली. पण बांधकाम कामगाराचं कार्ड सोडून कसं जायचं? लातूरला नर्सिंग शिकणाऱ्या लेकीची, पूनमची शिष्यवृत्ती त्याच कार्डावर होती.

मागल्या साली कार्ड नवं करताना यंत्रानं तिचा अंगठा घेतलाच नव्हता. सिमेंटनं रेघा खाऊन टाकलेल्या. चार खेटे पडले. म्हणून यंदा खोबरेल तेल, वर दुधाची साय. भांडीसुद्धा राखेनं घासली नाहीत. बोलायला कुणी नव्हतं, तेव्हा ती अंगठ्यालाच म्हणायची, "लाज राख बाबा!"

मुखेडच्या शिबिरात ही भली मोठी रांग. पुढं उभ्या, दुसऱ्या टोळीतल्या अमीरबीनं तिचा मऊ हात धरला.

"या अल्ला! नुसती मेहंदीच राहिली की गं! या उमरीत नवरी झालीस का?"

नागम्मा आठ दिवसांत पहिल्यांदा हसली.

अमीरबीचा अंगठा पाचदा दाबून झाला. यंत्र लाल ते लालच. टेबलामागच्या साहेबांनी तिचे भेगाळलेले तळवे पाहिले. "बसा चाची बाजूला. बघतो."

नागम्मा पुढं सरकली. तिनं पदराला अंगठा पुसला, टेकवला.

हिरवा! पहिल्याच फटक्यात हिरवा!

तिला तिथंच फुगडी घालावीशी वाटली.

"काम काय करता?" साहेबांनी विचारलं.

"माल कालवते साहेब. वीस वर्षं झाली."

साहेबांनी तिचा तळवा उलटासुलटा करून पाहिला. "ओळख द्यायला सोबतचं कुणी आहे?"

"समदे हैदराबादला गेले. ठेकेदाराचा दाखला हाय की."

"दाखले ढिगानं मिळतात."

साहेबांनी अमीरबीचा अर्ज ओढून त्यावर शिक्का मारला. नागम्माचा तिच्याकडं परत सरकवला.

"बाई, वीस वर्षं सिमेंट कालवणाऱ्याचा अंगठा पहिल्या फटक्यात लागत नसतो. बोगस लई झालेत. उठा."